ज्येष्ठ जॅझवादक सांगलीच्या महोत्सवात येतायत, लोक थांबतील का?

प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो. सांगलीत तुमचं मंडळ दोन दिवसांचा संगीत महोत्सव करतं, गायन, सतार, तबला असा नेहमीचा बाज. यंदा कुणाच्या तरी ओळखीनं मुंबईचे एक ७८ वर्षांचे सॅक्सोफोनवादक यायला तयार झालेत, सोबत पियानो, बास आणि ड्रम्सवाले, म्हणजे चौघंजण. कमिटीतली मोठी मंडळी म्हणतायत आपल्याकडं जॅझ कोण ऐकतंय, लोक उठून जातील. त्यावर त्यांनीच तीन तोडगे काढलेत: पाहुण्यांना सगळ्यात शेवटी ठेवायचं म्हणजे ज्याला जायचंय तो जाईल, त्यांना जुनी हिंदी गाणी वाजवायला सांगायचं, आणि शेवटी गावातल्या तबलजीबरोबर जुगलबंदी लावायची. यातलं काय करावं असं तुम्ही विचारताय.

माझं सरळ मत आधी सांगतो, मग कारणं. तुमचे प्रेक्षक हा प्रश्नच नाहीये. घड्याळ, स्टेज आणि सत्कार, या तीन गोष्टींवर तो कार्यक्रम उभा राहणार किंवा बसणार. त्या माणसाला त्या संध्याकाळी चांगलं वाजवता येईल एवढी सोय करा, लोक थांबतात.

मी स्टेज आणि साउंडचं काम करतो, मिरजेतच वाढलो, नंतर पुण्या-मुंबईकडं बरीच वर्षं जॅझवाल्यांबरोबर काम झालंय, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं माहितीये. पण काही गोष्टी परिस्थितीवर आहेत ते आधीच सांगून ठेवतो. कार्यक्रम बंद नाट्यगृहात आहे की मांडवात, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि निम्मं उत्तर त्यावर बदलतं. दुसरं, सोबतचे तिघं त्यांचे नेहमीचे आहेत की या कार्यक्रमापुरते गोळा केलेत. नेहमीचे असतील तर तुमचं अर्धं काम तेच करतील, नसतील तर साउंडचेकला दुप्पट वेळ धरा. तिसरं म्हणजे माणसाचा स्वभाव. काही ज्येष्ठ लोक गप्पा मारत मारत वाजवतात, काही जण माइकवर एक शब्द बोलत नाहीत. हे फोन करून विचारायचं, अंदाज बांधायचा नाही.

आता प्रेक्षकांचं. ज्या गावाच्या शेजारी मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी संगीत सभा होते, अंबाबाईच्या नवरात्रात गाणं होतं, जिथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, तिथल्या माणसाला "हे आयत्या वेळी सुचून वाजवतायत" हे समजावून सांगायची गरज नाही. ते त्याला कानानं माहितीये. समेची वाट बघणं त्याला माहितीये. जॅझमध्ये पण तेच चाललेलं असतं की, आधी धून वाजते, मग त्याच धुनेच्या लांबीचं आवर्तन फिरत राहतं आणि त्यावर एकेक जण आपलं सांगतो, शेवटी परत धून. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे १२ बारचा ब्लूज. एका बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक चक्र. ते दोनदा फिरलं की आपल्या माणसाचा पाय आपोआप जागेवर पडायला लागतो, मी बघितलंय.

फरक कुठं पडतो ते सांगतो. आपल्याकडं तंबोरा एक सा धरून बसलेला असतो, जमीन हलत नाही. जॅझमध्ये पियानोवाला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, बदलत राहतो त्यामुळं खालची जमीनच सरकत असते, आणि तिथं आपला कान पहिली दहा मिनिटं गडबडतो. लोक उठतात ते या दहा मिनिटांत, जॅझ नको म्हणून नव्हे. त्यामुळं पहिलं काय वाजतंय याला फार महत्त्व. पहिलाच तुकडा सुसाट बीबॉप, म्हणजे वेगाचा गुंतागुंतीचा जॅझ, लावला तर मागच्या दोन रांगा गेल्याच म्हणून समजा. मी असतो तर फोनवर त्यांना अदबीनं एवढंच म्हटलं असतं, सर, इथले लोक रागसंगीत ऐकणारे आहेत, सुरुवात मध्यलयीतल्या ब्लूजनं किंवा एखाद्या मोडल तुकड्यानं झाली तर बरं होईल. मोडल म्हणजे माइल्स डेव्हिस या अमेरिकन ट्रंपेटवाल्यानं १९५९ च्या आसपास जी वाट रुळवली ती, कॉर्डची पळापळ कमी आणि एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ मुक्काम. त्यातलं डोरियन नावाचं सप्तक म्हणजे स्वरांच्या हिशोबानं आपला काफी थाट. ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. राग काफी नव्हे हां, चलन वेगळं असतं, पण कानाला घरचा वास येतो. एवढं सांगितलं की कुठलाही जुना वादक काय ते समजतो, त्यानं आयुष्यभर वेगवेगळ्या गर्दीसमोर वाजवलेलं असतं.

हिंदी गाण्यांचं म्हणाल तर कमिटीचा हेतू वाईट नाही, पद्धत चुकीची आहे. जॅझ आपल्याला परका नाहीच. मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकेतले काळे वादक वाजवत होते, त्यांचं ऐकत गोव्याकडचे वादक तयार झाले, आणि मग तेच लोक फिल्मच्या स्टुडिओत गेले. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो ब्रास वाजतो त्यामागं चिक चॉकलेट नावाचा ट्रंपेटवाला होता, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, आणि भगवानदादांच्या १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. म्हणजे तुमच्या कमिटीतल्या काकांनी लग्नाच्या वरातीत ज्यावर नाच केलाय त्यात जॅझ आधीच शिरलेला होता! हे निवेदकाला दोन मिनिटांत सांगता येईल, लोक लगेच जवळ येतात.

पण पाहुण्यांना "सर ते अमुक गाणं वाजवा" म्हणायचं नाही. ज्यांनी स्टुडिओत वर्षानुवर्षं पोटासाठी ती गाणी वाजवली त्यातले काही जण आजही हौसेनं वाजवतात, आणि काहींना त्याचा इतका वीट आलेला असतो की विषय काढला तरी चेहरा बदलतो. म्हणून प्रश्न उघडा ठेवायचा, "शेवटी एखादं आमच्या लोकांच्या ओळखीचं वाजवायला आवडेल का?" हो म्हणाले तर आनंद, नाही म्हणाले तर विषय संपला. आणि कार्यक्रम चालू असताना चिठ्ठ्या पाठवणारे असतात ना, त्या चिठ्ठ्या विंगेतच थांबवायला एक माणूस नेमा. खरंच नेमा.

आता शेवटी ठेवायचा मुद्दा, ज्यावर मी अडून बसेन. ठेवू नका. मांडवात असाल तर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा साधा हिशोब आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमची तारीख त्यात आहे का ते आधी बघा, पोस्टर छापायच्या आधी. बंद नाट्यगृहाला तो नियम तसा लागत नाही पण तिथं हॉलची शिफ्ट संपते आणि वॉचमन दिवे घालवायला लागतो. आणि आपल्याकडं ६ चा कार्यक्रम किती वाजता सुरू होतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. शेवटच्या माणसाच्या वाट्याला उरलेला वेळ येतो. तुम्ही ७८ वर्षांच्या माणसाला मुंबईहून बोलवणार, चार तास ग्रीन रूममध्ये बसवणार आणि सव्वानऊला सांगणार की सर जरा आटपतं घ्या, बाहेर पोलिसांची गाडी आलीये.

यावर कुणीतरी शहाणा अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाचं १९५६ चं उदाहरण देईल, म्हणून आधीच बोलतो. ड्यूक एलिंग्टन या नामांकित बँडप्रमुखाचा बँड त्या महोत्सवात मध्यरात्रीच्या सुमारास परत स्टेजवर आला, लोक निघायला लागले होते, आणि मग पॉल गोंसाल्विसनं टेनर सॅक्सोफोनवर ब्लूजची २७ आवर्तनं सलग वाजवली, पब्लिक खुर्च्यांवर उभं राहिलं, एलिंग्टनच्या मावळत चाललेल्या नावाला परत झळाळी आली. (नाव गोंसाल्विस असलं तरी गडी गोव्याचा नव्हे, केप व्हर्दी मूळचा अमेरिकन.) गोष्ट खरी आहे. पण गोंसाल्विस तेव्हा ३५ वर्षांचा होता, आणि मागं पंधरा जणांचा बँड होता. तुमचे पाहुणे ७८ चे आहेत आणि मागं तिघं. सॅक्सोफोन हा पूर्ण छातीचा आणि ओठांचा खेळ आहे. सॉनी रॉलिन्ससारख्या नावाजलेल्या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाला फुफ्फुसाच्या दुखण्यामुळं २०१२ नंतर स्टेजवर वाजवता आलं नाही. हाच रॉलिन्स १९७८ ला मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात वाजवून गेला होता. या वयाच्या वादकाकडं दिवसभरात चांगले तास मोजके असतात, ते तुमच्या प्रास्ताविकात घालवू नका.

मी असा क्रम लावीन: ६ ला एखादा तरुण गायक किंवा सतार, पाऊण तास. सव्वासातला हे चौघं, ६० ते ७० मिनिटांचा एकच सेट, मध्ये मध्यंतर नाही. मग चहाची सुट्टी, आणि नंतर तुमचा मुख्य गवई. मुख्य गवयासाठी आलेले लोक तोवर बसलेले असतात, जागा सोडून जायला कुणी तयार नसतं कारण परत मिळणार नाही, आणि त्या भरल्या घरासमोर जॅझ वाजतो. थकलेल्या निम्म्या घरासमोर वाजण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कमिटीला पण पटेल कारण शेवटचं नाव त्यांच्याच आवडीचं राहतंय.

सत्कार. आता इथं कुणाला राग आला तरी चालेल. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी असते, रीड. ती ओली करून, वाजवून जागी करावी लागते, वाळली की वाकडी होते आणि सूर चिरकतो. शिवाय पितळेची नळी गार झाली की वाद्य उतरतं, गरम झाली की चढतं, म्हणून वादक वाजवायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं आत बसून फुंकून वाद्य तापवतो. एका ठिकाणी, गाव सांगत नाही, असेच एक वयस्कर वादक सगळं तयार करून विंगेत उभे होते आणि निवेदकानं त्यांना स्टेजवर बोलावलं. ते आले ते वाजवायला म्हणून, वाद्य गळ्यात. बघतात तर दीपप्रज्वलन. मग शाल, श्रीफळ, मग प्रायोजकांचं मनोगत, मग एका मान्यवरांनी "जॅझ म्हणजे स्वातंत्र्य" यावर जे सुरू केलं ते थांबेचना. म्हातारबाबा गळ्यात सॅक्सोफोन, त्यावर शाल, एका हातात नारळ असे उभे. थंडीचे दिवस, उघडं स्टेज. मी मिक्सरवरून बघत होतो, ते मधूनमधून शालीच्या आड तोंड नेऊन रीड ओठांत धरत होते, ती वाळू नये म्हणून. पहिला सूर लागला तो चिरकतच, आणि पुढं बसलेले एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले वय झालंय हो आता. वय नव्हतं झालं, अर्धा तास भाषण झालं होतं!

म्हणून सत्कार नंतर करा. वाजवून झाल्यावर, लोक उभे राहून टाळ्या वाजवत असताना तुमच्या अध्यक्षांनी जाऊन शाल घालावी, फोटो पण तोच चांगला येतो. त्यांच्या आधी फक्त निवेदक, दोन मिनिटं, बस.

स्टेज. तुमच्याकडं गवयासाठी पांढरी गादी, लोड, बैठक असणार. त्याच बैठकीवर ड्रमसेट चढवायचा प्रयत्न बऱ्याच ठिकाणी होतो, करू नका. ड्रम्सला आणि पियानोला पायाचे पेडल असतात, ते लोक बूट घालूनच वाजवतात, आणि बैठकीवर बूट दिसले की आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात. दोन्ही बाजू बरोबर आहेत त्यामुळं भांडण नको, जागाच वेगळ्या करा. बैठकीचा पाट स्टेजच्या डाव्या अंगाला, आणि उजव्या अंगाला जॅझचं सगळं दुपारीच लावून, साउंडचेक करून, वर चादर टाकून ठेवा. मध्ये आवराआवरी होत नाही, माइकच्या खुणा हलत नाहीत. ड्रमसेटखाली सतरंजी पाहिजेच, नाहीतर प्रत्येक ठोक्याला बास ड्रम पुढं सरकत जातो आणि ड्रमर पायानं त्याच्या मागं मागं. आणि स्टेजच्या पायऱ्यांना कठडा आहे का बघा, नसेल तर एक पोरगा तिथं उभा करा. मागं उंच पाठीची एक साधी खुर्ची ठेवा. बाकीच्यांचे सोलो चालू असताना ज्येष्ठ वादक बसतात, त्यात कमीपणा काही नाही.

चौघांना जवळ बसवा. हे मी जितकं जोरात सांगेन तितकं कमी. ऑर्केस्ट्राच्या सवयीनं आपले स्टेजवाले ड्रम्स लांब मागं उंचावर नेऊन ठेवतात आणि बाकीचे चार दिशांना चार. जॅझवाले एकमेकांचं ऐकून वाजवतात, मान हलली, श्वास घेतला, त्यावर पुढची गोष्ट ठरते. पुण्याला एका साउंडचेकला असंच एक वयस्कर वादक आले, स्टेजच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, हॉल कसा बोलतोय ते ऐकलं. मग माझे चारही मॉनिटर, म्हणजे वादकांकडं तोंड असलेले स्पीकर, बंद करायला सांगितले. मग ड्रमरला म्हणाले, पुढं ये. अजून ये. तो इतका पुढं आला की यांचा कोपर त्याच्या मोठ्या झांजेला लागेल. बास त्याच्या शेजारी, पियानोचं झाकण यांच्या पाठीशी. मग माइक न लावता चौघांनी एक आवर्तन वाजवलं आणि मला म्हणाले, आता हेच शेवटच्या रांगेला ऐकू जाऊ दे, यापेक्षा मोठं करू नको. त्या दिवसापासून मी जॅझचा साउंड त्याच क्रमानं लावतो: आधी स्टेजवर नुसता आवाज जमू दे, मग माइक.

म्हणजे तुमच्या साउंडवाल्याला काय सांगायचं? पहिलं, हे डॉल्बीचं काम नाही. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पोरांना छातीत धडधडल्याशिवाय साउंड लागल्यासारखं वाटत नाही, पण इथं बेस वाढवला की कॉन्ट्राबास, म्हणजे उभा मोठा बास, नुसता घुमतो, सूर कळत नाही. सॅक्सोफोनला स्टँडवर एक चांगला डायनॅमिक माइक द्या, सेनहायझर एमडी ४२१ मिळाला तर झकास, नाहीतर शुअरचा एसएम ५८ पण चालतो. वाद्याला चिकटवायचा क्लिप माइक देऊ नका, म्हणजे त्यांनीच मागितला तर गोष्ट वेगळी. जुने लोक माइकच्या जवळ-लांब होऊन आवाज स्वतःच कमीजास्त करतात, क्लिप लावला की त्यांच्या हातातलं ते हत्यार जातं. आणि समोर एकच माइक ठेवा. न्यूपोर्टच्या त्याच प्रसिद्ध रात्री स्टेजवर रेकॉर्ड कंपनीचा वेगळा आणि रेडिओचा वेगळा असे माइक होते आणि गोंसाल्विस वाजवत राहिला रेडिओच्या माइकमध्ये, त्यामुळं रेकॉर्डवर त्याचा आवाज लांबून आल्यासारखा लागला, तो नीट ऐकायला मिळाला १९९९ ला, रेडिओचे टेप सापडल्यावर. तुमचा यूट्यूबवाला स्वतःचा माइक घेऊन येईलच, त्याला मिक्सरवरून लाइन द्या आणि खाली बसवा.

ड्रमसेट भाड्यानं घेताना बघून घ्या. ऑर्केस्ट्रावाल्यांकडं २२ इंची बास ड्रम असतो, पुढच्या कातड्याला भोक आणि आत उशी कोंबलेली. जॅझला शक्यतो १८ किंवा २० इंची, उशी काढून. नाहीच मिळाला तर उशी काढा आणि ड्रमरवर सोडा, तो बघून घेतो. झांजा आणि ब्रश तो स्वतःचे आणतो. कॉन्ट्राबास मुंबईहून आणणं म्हणजे दुसरा प्रवासी आणण्यासारखं आहे, त्यामुळं बासवाला बहुतेक इलेक्ट्रिक आणेल, पण विचारून घ्या, त्यावर अँप्लिफायर ठरतो.

पियानो. ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो भाड्यानं आणा, सोबत सस्टेन पेडल आणि भक्कम स्टँड. लग्नातला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुढं ठेवून मोकळं होऊ नका. कुणाच्या जुन्या बंगल्यात किंवा मिशनच्या आवारात खरा पियानो आहे असं तुम्हाला सांगणारे भेटतील. हलवलेला पियानो उतरतो, त्याला नव्या जागेत थोडे दिवस बसू द्यावं लागतं, मग ट्यूनर, मग कार्यक्रमाच्या दिवशी परत ट्यूनर, आणि तो बहुतेक पुण्याहून किंवा मुंबईहून येणार. तेवढं बजेट असलं तरच त्या वाटेला जा. यावर पण लोक १९७५ ची जर्मनीतल्या कोलोनची गोष्ट सांगतात, कीथ जॅरेट या अमेरिकन पियानोवादकाला चुकीचा, सरावाचा, बेसूर आणि पेडल नीट न चालणारा पियानो मिळाला आणि त्यानं त्यावरच इतिहास घडवला, कार्यक्रम करणारी मुलगी तर विशीच्या आतली होती. बरोबर. जॅरेट २९ वर्षांचा होता आणि तो सुद्धा आधी वाजवायला नाहीच म्हणाला होता.

इथवरचं एका दमात: दुसरा नंबर, एकच सेट, सत्कार नंतर, चौघं जवळ, आवाज कमी. एवढं झालं तरी तुमचा कार्यक्रम लागला. आता राहिली जुगलबंदी.

जुगलबंदी जमू शकते, पण पाहुण्यांनी हो म्हटलं तर आणि दुपारी अर्धा तास एकत्र बसले तर, नाहीतर नाही. आयत्या वेळी स्टेजवर ओढलेली जुगलबंदी म्हणजे दोघंही एकमेकांना सांभाळत बसतात आणि शेवटी सवाल-जवाबाच्या तिहाईवर टाळ्या घेतल्या जातात. बसले तर मात्र हिशोब सुंदर आहे. ब्लूजचं चक्र ४८ मात्रांचं म्हटलं ना, म्हणजे तीनतालाची बरोबर ३ आवर्तनं. ३२ बारचं गाणं असेल तर १२८ मात्रा, म्हणजे ८ आवर्तनं. तबलजीला एवढं सांगितलं की सम कुठं भेटणार ते त्याला कळतं. पट्टीची पण भीती नको, तबला काळी एकला असेल तर टेनर सॅक्सोफोनवाल्याच्या बोटाखाली तो ई फ्लॅट येतो आणि आल्टो या लहान सॅक्सोफोनवाल्याच्या बी फ्लॅट, दोन्ही त्यांचे रोजच्या सवयीचे. अडतं ते चालीत. जॅझच्या स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे पडत नाहीत, पहिला लांब आणि दुसरा आखूड, साधारण एका मात्रेचे तीन तुकडे करून पहिले दोन जोडल्यासारखे. तबलजी सरळ बरोबरीचे बोल वाजवत राहिला तर ड्रमरशी घासाघीस होते आणि ऐकणाऱ्याला नुसतं कळत नाही की काय खटकतंय. तबलजीनं मोठ्या झांजेकडं कान ठेवायचा, आणि पहिली दोन आवर्तनं गप्प बसायचं. गावातल्या तबलजीला गप्प बसायला तुम्ही सांगा, मी सांगितलं तर माझं मिरजेत येणं बंद होईल.

टाळ्यांचं एक. जॅझमध्ये एकाचा सोलो संपला की मधेच टाळी देतात, हे निवेदकानं सांगून ठेवावं, नाहीतर आपले लोक भिडेखातर शेवटपर्यंत थांबतात आणि वादकाला वाटतं काही पोचतच नाहीये. "वा" आणि "क्या बात है" जोरात चालतंय, त्यांना आवडतं. पण निवेदकानं हात वर करून लोकांना ठेक्यात टाळ्या वाजवायला लावायच्या नाहीत. आपली सवय भजनाची, टाळी पडते पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, आणि यांचा झोका असतो दुसऱ्या आणि चौथ्यावर. तीनशे लोक उलट्या जागी टाळ्या वाजवत असताना स्विंग धरून ठेवणं काय असतं ते एकदा ड्रमरला विचारा.

प्रवासाचं, मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी सांगली-मिरजेत सोडते, पण या वयात रात्रीची गाडी आणि त्याच दिवशी कार्यक्रम असं करू नका, एक दिवस आधी आणा. खालचा बर्थ. गाडीनं येणार असतील तर दुपारपर्यंत पोचतील असं बघा. हॉटेल लिफ्टचं. वाजवायच्या आधी जड जेवण नको, कोमट पाणी भरपूर, बर्फ नको, आणि भडंगाची पिशवी प्रेमानं द्या पण कार्यक्रम झाल्यावर, तिखट कुरमुरे दातांत अडकलेले असताना कुणी सॅक्सोफोन फुंकू शकत नाही. ग्रीन रूमपासून बाथरूम किती लांब आहे ते स्वतः चालून बघा. मानधन चौघांचं वेगवेगळं विचारून घ्या. म्हाताऱ्या वादकाला एक रक्कम दिली की तो संकोचानं आधी पोरांना देतो आणि स्वतःला काही उरत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की नदीकाठी घाटावर केलं तर वातावरण भारी होईल का. वातावरण भारी होईल, पण थंडीत कृष्णेकाठी संध्याकाळनंतर दव पडायला लागतं, हवा गार होते, सॅक्सोफोन उतरतो, डिजिटल पियानो जिथल्या तिथं राहतो, आणि दोघांत फट पडते ती रात्रभर भरत नाही. वाऱ्यानं माइक फरफरतो ते वेगळंच. घाटावर शहनाई सुद्धा मी दुपारच्या उन्हातच पसंत करेन. नाट्यगृह मिळत असेल तर तेच घ्या.

हॉल आणि तारीख पक्की झाली की इथंच कळवा, स्टेजची रुंदी-खोली आणि साउंडवाल्याकडच्या ड्रमसेटचा फोटो टाका, बास ड्रमचं पुढचं कातडं दिसेल असा. ते बघून मी माइकची यादी करून देतो.